सत्तर दिवसांचा घागरा

आमच्या किह्नू बेटावर बाईच्या घागऱ्याकडे बघितलं की तिच्या घरात काय चाललंय ते विचारावं लागत नाही. पोरीबाळी लालभडक घालतात. घरातलं माणूस गेलं की काळा येतो, कोळशासारखा, फक्त काठाला एक लाल दोरा, तोही दुखणं अंगात शिरू नये म्हणून. वर्ष सरतं तशी त्यात निळी रेघ येते, मग तपकिरी, मग लाल, आधी सुतळीएवढं आणि मग बोटभर. कुणाचं दुःख किती उतरलं ते शेजारीण अंगणापलीकडून मोजते. मी आजवर तीनदा काळ्यातून लालात आले, आईसाठी, बहिणीसाठी आणि नवऱ्यासाठी. माझी रेघ एका दोऱ्यानंही कधी चुकली नाही. शाळेत मी चारच हिवाळे गेले, पण रेघांच्या बाबतीत माझ्याशी वाद घालेल अशी बाई किह्नूवर अजून जन्मायची आहे.

म्हणून त्या वर्षी चुकले ती मीच, हे आधीच सांगून टाकते. शेजारच्या सालमेकडून ऐकायला नको.

माझा मुलगा एंद्रिक मार्चमध्ये गोठलेल्या समुद्राच्या बर्फावर गेला. बर्फाखाली लावलेली जाळी काढायची होती, बरोबर दोघं जोडीदार होते. दुपारी धुकं उतरलं आणि त्या धुक्यात बर्फाचा मोठा तुकडा किनाऱ्यापासून सुटला. जोडीदार दुसऱ्या दिवशी सापडले, एकाच्या पायाची बोटं गेली. एंद्रिकची घसरगाडी सापडली. टोपी सापडली. तो सापडला नाही.

नऊ दिवस शोध चालला. दहाव्या दिवशी मी पेटीच्या तळातून काळा घागरा काढला आणि नेसले. रडले नाही. आमच्यात सगळ्यांसमोर रडायची रीत नाही, आणि एकटीनं रडायला मला वेळ कुठे होता? दोन गाई होत्या, तीन वर्षांची नात लीसू होती, आणि उर्वे होती.

उर्वे माझी सून. मूळची पार्नूची, शहरातली. दुकानात काउंटरमागे उभी राहणारी पोरगी एंद्रिकनं उचलून आणली. चार वर्षांत ती मासे साफ करायला शिकली, बाजूला खोकं जोडलेली मोटरसायकल चिखलातून हाणायला शिकली, माझ्याशी वाद घालायला तर फारच लवकर शिकली. मागावर मात्र बसली नाही. "तुमच्यासारखं मला जमणार नाही, आई," म्हणायची. ते खरंच होतं, म्हणून मीही कधी आग्रह केला नाही. तिचे घागरे मीच विणत होते.

उर्वेनं काळा घालायला नकार दिला. लग्नानंतर मी तिला विणून दिलेला लाल घागरा अंगावर चढवायची, सकाळी किनाऱ्यावर जाऊन उभी राहायची, ती अंधार पडेपर्यंत. खायची नाही. झोपायची तर त्याहून नाही. मी काही बोलले की म्हणायची, "कोण मेलंय? मला दाखवा."

एक दिवस दुकानासमोर सालमे भेटली. सालमे माझी शेजारीण, तिची जीभ माझ्याइतकीच लांब आहे, म्हणून चाळीस वर्षं पटतंय.

"अकुली, तुझ्या सुनेचं लग्न कधी गं?"

"कुणाशी?"

"मला काय माहीत? लाल घालून उभी असते किनाऱ्यावर. कुणाची तरी वाट बघत असेल."

"तू तुझ्या नवऱ्याची वाट बघ. तो दुकानामागे पिऊन पडलाय," मी म्हटलं आणि निघाले.

पण लागलं ते लागलं. चार बाया ऐकत उभ्या होत्या. माझ्या घरातली विधवा लालात फिरते, माझ्या हातच्या लालात. घरी आले तर उर्वे भिजून आली होती, बर्फाच्या कडेशी गुडघाभर पाण्यात गेली होती म्हणे. तो ओला घागरा सोडून ती बाकावर पडली होती, डोळे उघडे. मी घागरा उचलला, अंगणातल्या चुलीवर मोठा हंडा ठेवला, काळ्या रंगाच्या दोन पुड्या टाकल्या आणि घागरा आत दाबला. आमच्याकडे करतात असं. घाईचं मरण आलं, नवा विणायला सवड नाही, तर जुनाच काळा करतात. मी काही जगावेगळं करत नव्हते.

तासाभरानं काठीनं वर काढला तर तो काळा झालाच नव्हता. माझा लाल पक्का होता, त्यानं काळ्याला आत घेतलं नाही. कुठे सुकलेल्या रक्तासारखा, कुठे काजळासारखा, कुठे नुसताच मळका. वाफा निघत होत्या. मी वळले तर उर्वे दारात.

ती येऊन हंड्यात बघत उभी राहिली.

"त्याला तो दुरून दिसायचा," ती म्हणाली. "बर्फावरून येताना. म्हणायचा, सगळं बेट पांढरं असतं, तू तेवढी दिसतेस."

मग ती आत गेली आणि भिंतीकडे तोंड करून निजली.

म्हणजे ती पोरगी नवऱ्याला वाट दाखवायला उभी राहत होती. आणि मी तिचा दिवा विझवला होता. माझ्या ते डोक्यातच आलं नव्हतं. रेघा वाचणारी मोठी मी!

'चुकलं' हा शब्द माझ्या तोंडातून निघत नाही. प्रयत्न केला, खोटं कशाला सांगू. पेजेचा वाडगा घेऊन तिच्याजवळ बसले, तोंड उघडलं आणि म्हटलं, "थंड होतेय." तिनं दोन घोट घेतले, तेही लीसूनं "आई, पी" म्हटलं म्हणून.

आठवड्यानं बेटाची नर्स हेल्वे आली. तिनं उर्वेला तपासलं, उभी करून वजन केलं, औषधाच्या पुड्या दिल्या आणि मला बाहेर बोलावलं.

"मावशी, सेहेचाळीस किलो. नाडी बघवत नाही. ती ना खाते ना झोपते, मी किती पुड्या देणार?"

"मग?"

"आत्ता नेता येत नाही. बर्फ गाडीला पातळ आणि जहाजाला जाड. पण वाट मोकळी झाली की पहिल्या जहाजानं तिला मुख्य भूमीवर न्यायचं, इस्पितळात. त्याआधी बिघडलं तर हेलिकॉप्टर मागवीन. मी आजच कळवून ठेवते."

"किती दिवस ठेवतील?"

"ते तिथले डॉक्टर ठरवतील. महिनाभर, वर्षभर. लीसूला तिच्या आजोळी ठेवावं लागेल बहुतेक, आईच्या जवळ."

हेल्वे वाईट बोलली नाही, योग्य तेच बोलली. पण मला तिथेच पुढचं सगळं दिसलं. ती इथून गेली की परत यायला तिला आहे काय? नवरा पाण्यात, माहेर तिकडे, आणि सासू अशी. ती गेली की लीसू गेली. एंद्रिकचं जे काही जमिनीवर उरलं होतं ते सगळं त्या जहाजातून जाणार होतं. आणि तेही पोरगी तोवर जगली तर.

त्या दिवशी मी मागावर नवा ताणा चढवला. पांढऱ्या सुताचे उभे धागे, नेहमीसारखे. का चढवला ते विचारू नका. हाताला दुसरं काही येत नाही मला. मग बाण्यासाठी कांड्या भरायला बसले, म्हणजे आडव्या जाणाऱ्या लोकरीच्या. काळी भरली, आणि हात थांबला. उठले, पेटी उघडली आणि होती नव्हती तेवढी लोकर बाहेर काढली. मेंढीची न रंगवलेली राखाडी, पांढरी, पुरुषांच्या मोज्यांसाठीची निळी, हातमोज्यांची पिवळी, जुनी हिरवी, तपकिरी, सगळी. वीस-बावीस कांड्या झाल्या. टोपलीत घालून टोपली उर्वेच्या बाकापाशी आपटली.

"ऊठ."

ती भिंतीकडेच.

"काळं लावायचं नसेल तर नको लावू. तू आणि तुझा देव बघा. पण नुसतं भिंतीकडे बघत पडलेलं माणूस मला घरात चालत नाही. माग मोकळा आहे. जे दिसतं ते वीण."

ती भिंतीलाच म्हणाली, "मला काही दिसत नाही."

"मग तेच वीण."

मी कुठून बोलले मला माहीत नाही. रागात बोलले बहुतेक. पण तिनं मान वळवली. माझ्याकडे बघितलं, टोपलीकडे बघितलं. उठून बसायला तिला किती वेळ लागला ते सांगत नाही. मागाच्या फळीवर बसली आणि पायांनी खाली दाबायच्या पावड्या चाचपल्या. हात टोपलीत घातला आणि न रंगवलेली राखाडी उचलली, जिला रंगच नाही म्हणतात ती.

"उजवा पाय दाब. आता धोटा टाक. टाक म्हणजे फेक, मढ्यासारखा सरकवू नकोस." माझीच जीभ चावली मी. "हं. आता फणी ओढ. डावा पाय."

एक बोटभर रुंद झालं आणि ती थकली. कडा आत ओढलेल्या, मधे दोन दोरे सुटलेले. माझ्या हातचं असतं तर मी उसवलं असतं. मी काही बोलले नाही, म्हणजे बघा.

दुसऱ्या दिवशी हाक मारायला गेले तर ती खिडकीशी उभी. बाहेर बघत होती, बराच वेळ. मग येऊन बसली आणि राखाडीत पांढरा दोरा पिळला. बोटभर विणलं, उठली. तिसऱ्या दिवशी नुसतं पांढरं. चौथ्या दिवशी पांढऱ्यात निळं, इतकं पुसट की मला चष्मा शोधावा लागला. पाचव्या दिवशी मी तिच्या मागे खिडकीशी जाऊन उभी राहिले. बाहेर बर्फावर पाणी चढलं होतं, आणि त्या पाण्यात आभाळाचा तो पुसट निळा, कालचा. कळलं मला. ती दिवस विणत होती. ज्या समुद्रानं तिचा माणूस नेला त्याच्याकडे रोज एकदा नीट बघायचं, आणि बघितलेलं बोटभर मागावर उतरवायचं.

आमच्यात असा घागरा नाही. आमच्या रेघांना क्रम असतो, सात रेघा झाल्या की पुन्हा पहिली. इथे एक रेघ दुसरीसारखी नव्हती. सालमे दूध मागायच्या निमित्तानं आली आणि मागावर वाकली.

"हे काय गं? चिंध्यांची वाकळ?"

"तुझ्या कफनाचं कापड विणतेय. माप द्यायला आलीस का?"

"मापाला उशीर आहे अजून," ती हसली, पण जाताना पुन्हा एकदा वळून बघितलं तिनं.

विणायला लागून आठवडा झाला असेल. दुपारची वेळ, मी चुलीपाशी, आणि मागाचा आवाज थांबला. बघते तर उर्वे मागाच्या पुढच्या दांड्यावर कपाळ टेकून झोपलेली. हातात धोटा. मी लीसूला उचलून गोठ्यात नेलं, गाईजवळ बसवलं आणि तोंडावर बोट ठेवलं. दोन तास झोपली ती. तीन आठवड्यांत सलग दोन तास! मी परत आत आले तेव्हा तिच्या गालावर दांड्याचा वळ उठला होता. तिनं डोळे चोळले आणि म्हणाली, "आई, आज आभाळ बदललं का?"

"मला विचारू नकोस. तूच बघ."

त्यानंतर ती बघतच सुटली. मला हसायला येतं आता. सकाळी बघायची, दुपारी बघायची, "थांबा, अजून ठरलं नाही" म्हणायची, जसं काही दिवसाला तिची परवानगी घ्यावी लागते. रेघा रुंद झाल्या, दोन बोटं, चार बोटं. माझ्याकडे नसलेले रंग मागायला लागली. "ओल्या दगडाचा पाहिजे." आता ओल्या दगडाचा रंग मी कुठून आणू? तर ती दोन दोरे, तीन दोरे एकत्र पिळून स्वतःच करायची. एक दिवस म्हणाली, "आई, कात्री द्या."

अशा अवस्थेतल्या बाईच्या हातात कात्री द्यायची नसते, हेल्वे बजावून गेली होती. मी कात्री दिली आणि दारात उभी राहिले, हलले नाही. तिनं बाकाखालून तो घागरा ओढला, मी नासवलेला. मांडीवर घेतला. शिवण कापली आणि एकेक दोरा उसवायला लागली. त्या संध्याकाळी सूर्य बर्फाच्या कडेला टेकला होता, खाली काळं पाणी, वर तांबडं, आणि मधे असा एक रंग की ज्याला आमच्या बोलीत नाव नाही. ती तो विणत होती. त्या उसवलेल्या लोकरीत तो जसाच्या तसा होता. रक्त आणि काजळ. माझी चूक तिथे संध्याकाळ होऊन बसली होती, आणि मी सांगते, त्या अख्ख्या कापडात त्याच्याइतकं देखणं काही नव्हतं. मी पन्नास वर्षं विणतेय. पन्नास वर्षांत माझ्या हातून असं एक बोटभरही उतरलेलं नाही.

"चुकलं माझं," मी म्हटलं.

तिनं वर बघितलं नाही. "कडा सरळ येतेय का बघा," म्हणाली.

आली होती.

एप्रिलच्या शेवटी एका सकाळी बेटाला जाग आली ती आवाजानं. बर्फ फुटत होता. आधी तोफेसारखा, मग काचांच्या ढिगासारखा. दोन दिवस वारा होता, सगळं खेचून नेलं त्यानं. तिसऱ्या सकाळी समुद्र उघडा, निळा, क्षितिजापर्यंत. लोक धक्क्याकडे धावले, हिवाळा संपला की धावतातच. उर्वे खिडकीशी उभी राहिली. मी तिच्याकडे बघत होते, समुद्राकडे नाही.

आतापर्यंत बर्फ होता. बर्फाखाली कुठेतरी, बर्फावर कुठेतरी, पलीकडच्या एखाद्या बेटावर, काय काय समजूत घालता येते माणसाला. आता नुसतं पाणी होतं. त्यावर कुणीही नव्हतं.

ती वळली आणि म्हणाली, "आई, काळी कांडी."

ती टोपलीत नव्हती, पहिल्या दिवशी भरून मी बाजूला ठेवली होती. आणून दिली. ती बसली आणि विणायला लागली. धोटा, फणी, पाय, धोटा, फणी, पाय. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, हनुवटीवरून कापडावर पडत होतं, ती पुसत नव्हती आणि थांबत नव्हती. चार बोटं झालं. वीतभर झालं. आणि त्यातच बाहेर जहाजाचा भोंगा वाजला, त्या वर्षीचं पहिलं जहाज. पाच मिनिटांनी मोटरसायकल येऊन अंगणात थांबली.

हेल्वे आत आली. हातात कागद, मागे सामानाची पिशवी. मी माझा सगळा आवाज गोळा करून ठेवला होता तिच्यासाठी. काढायची वेळच आली नाही.

"उर्वे, निघायचं आहे," ती म्हणाली. "जहाज तासभर थांबेल."

"थोडं राहिलंय," उर्वे म्हणाली. रडतच, पण शब्द स्पष्ट. "मधे सोडता येत नाही."

हेल्वेनं माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. मग ती मागाशी गेली, वाकली, आणि पुढच्या दांड्याला गुंडाळलेलं कापड हळूच थोडं सैल करून बघायला लागली. मी तिला अडवणार होते, मागाला परक्या बाईनं हात लावायचा नसतो. पण तिचा चेहरा बघितला आणि हात मागे घेतला. बर्फ, बर्फ, बर्फावरचं पाणी, धुकं, ती संध्याकाळ, बर्फ फुटला तो दिवस, वारा सुटला तो दिवस. एकेक रेघ तिच्या बोटांखालून जात होती. ती स्टूल ओढून बसली. कागद मांडीवरून खाली पडला, तिनं उचलला नाही.

"हा आठ तारखेचा ना?" तिनं विचारलं. "त्या दिवशी मी तुमच्या वाडीवरून गेले होते. असंच होतं. अगदी असंच होतं." आणि मग, "मी तर विसरून गेले होते."

मागाचा ठोका चालूच होता. लीसू येऊन आईच्या पायाशी बसली होती आणि खाली पडलेल्या दोऱ्यांची गाठोडी करत होती. समोर काळं वाढत होतं, आणि बघता बघता मला कळलं की माझा एंद्रिक गेला. दहाव्या दिवसापासून काळं घालून हिंडत होते, पण कळलं ते त्या क्षणी. मी डोक्याच्या रुमालाचं टोक तोंडात कोंबलं आणि रडले. कोण बघतंय याची मी पर्वा केली नाही.

शेवटी उर्वेनं काळी कांडी संपवली आणि हात मांडीवर ठेवले.

"रात्री किती झोपलीस?" हेल्वेनं विचारलं.

"पाच तास. कधी सहा."

"खातेस?"

"बटाटे. मासा. पेज नको वाटते, पेज फार झाली."

हेल्वे हसली. पिशवीतून वजनकाटा काढला, तिला उभं केलं. पन्नास किलो आणि वर थोडं. तिनं नाडी बघितली, डोळ्यांच्या खालचं बघितलं. पुन्हा एकदा कापडाकडे बघितलं.

"जहाज जाऊ दे," ती म्हणाली. "मी दर मंगळवारी येईन. पुड्या बंद करायच्या नाहीत, मी सांगेपर्यंत. आणि मावशी, वजन एक किलोनं जरी उतरलं तर मी काही ऐकणार नाही."

"तू कधी ऐकलंयस?" मी म्हटलं.

उर्वेनं पुढे सहा आठवडे विणलं. काळ्यानंतर लगेच लाल आलं असं समजू नका, ती काही जादू नव्हती. कित्येक रेघा अंधाऱ्या होत्या. एक दिवस ती उठलीच नाही, तर त्या दिवसाचे तिनं नुसते चार दोरे घातले आणि म्हणाली, "आज एवढाच होता." पण तो घातला. एकही दिवस सोडला नाही. हंस आले तो दिवस, गवत हिरवं झालं तो, एंद्रिकची होडी जोडीदारांनी नव्यानं रंगवली तो. सत्तर दिवस झाले तेव्हा घेर पुरा झाला आणि मी कापड कापलं.

आमचं कापड मागावर आडवं विणतात आणि शिवताना उभं करतात. आडव्या रेघा उभ्या होतात आणि बाईच्या भोवती फिरतात. तिनं तो कमरेला बांधला, चुण्या सारख्या केल्या, आणि सगळे दिवस तिच्याभोवती उभे राहिले. मी गुडघे टेकून काठाचा लाल दोरा शिवून दिला. तेवढा नियम मी सोडला नाही.

जूनमध्ये चर्चच्या दाराला बर्च झाडाच्या फांद्या बांधतात त्या रविवारी ती तो घालून आली. मी एक पाऊल मागे होते आणि कुणी तोंड उघडलं तर काय बोलायचं ते घोकत होते. अंगणात सगळ्या बाया, काळ्या, निळ्या, लाल, आपापल्या रेघांत. उर्वे मधून चालत गेली आणि कुजबूज थांबली. हा घागरा त्यांना वाचता येत नव्हता. लाल नाही, काळा नाही, शोकाचं कुठलं वर्ष म्हणावं हे?

सालमे पुढे आली. मी दात आवळले. ती वाकली, चष्मा नाकावर ढकलला आणि एका रेघेवर बोट ठेवलं.

"हे धुकं," ती म्हणाली. "आमची गाय व्याली ती सकाळ. मी गोठ्याच्या दारातून बघितलं होतं."

मग दुसरी आली. तिनं वाऱ्याचा दिवस शोधला, तिच्या छपराची फळी उडाली होती तो. मग तिसरी. एका बाजूनं सुरुवात करून त्या उर्वेभोवती फिरायला लागल्या, हळूहळू, बोटं न लावता, आणि उर्वे मधे सरळ उभी. नव्वदीची दार्या, डोळे गेलेली, तिला नातीनं हात धरून फिरवलं आणि कुठे काळं लागतं ते सांगितलं. तिथे दार्यानं तळवा ठेवला आणि तसाच ठेवला. समुद्रानं जिचं कुणी नेलं नाही अशी बाई त्या अंगणात नव्हती. कुणी रडलं नाही. आतून घंटा वाजली तरी कुणी हललं नाही.

मीही फिरले एकदा. रोज डोळ्यांसमोर विणलेलं, तरी फिरले. आणि धुक्याच्या त्या लांब पट्ट्यात, जिथे सगळं राखाडीच राखाडी, मला दोन दोऱ्यांची एक पिवळी रेघ दिसली. केसाएवढी. मागावर माझ्या नजरेतून सुटली होती.

"हे काय गं? त्या आठवड्यात तर सूर्य दिसलाच नव्हता."

उर्वेनं लीसूला कडेवर घेतलं, मान वाकडी करून खाली बघितलं.

"सूर्य नाही, आई," ती म्हणाली. "त्या दिवशी मला भूक लागली होती."

मी मोजलं. सतरावा दिवस. मी घरातच होते, चुलीपाशी, कशावरून तरी तिला बोलत असेन. इतकी मोठी गोष्ट माझ्या पाठीमागे तीन पावलांवर घडली, आणि मला पत्ताही नव्हता.